वजनकाट्याजवळचा संगणक आणि वरच्या मजल्यावरचा सर्व्हर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या मालकांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मला बोलावून घेतले आणि चहा येण्याच्या आतच प्रश्न टाकला, "नवा सर्व्हर घ्यायचा आहे. विंडोज की लिनक्स, एका शब्दात सांगा." त्या सर्व्हरवर डेटा इंटिग्रेशनचे सॉफ्टवेअर चालायचे होते. वजनकाट्यावरच्या नोंदी, स्पेक्ट्रोमीटरचे (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचे) निकाल, कामगारांची हजेरी आणि टॅलीतील खरेदी-विक्री अशी चार ठिकाणची माहिती रात्रीतून एकत्र आणायची आणि पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी, काल किती टन धातू ओतला, किती कास्टिंग रिजेक्ट झाली आणि ते कितीला पडले, याचा तक्ता मालकांच्या टेबलावर ठेवायचा, असे ते काम होते. मी एका शब्दात उत्तर दिले नाही. आधी वजनकाटा दाखवा, असे म्हणालो. मी प्रश्न टाळतो आहे, असे त्यांना वाटले असावे.

ऑपरेटिंग सिस्टीमची चर्चा बहुतेक वेळा सर्व्हरपासून सुरू होते: कोणती वेगवान, कोणती सुरक्षित, कोणती फुकट. मी गेली काही वर्षे कोल्हापूर आणि परिसरातील लहान-मध्यम कारखान्यांसाठी हे काम करतो आहे आणि या चर्चेला दुसऱ्या टोकाकडून हात घालावा लागतो, असा माझा अनुभव आहे. डेटा इंटिग्रेशनचे सॉफ्टवेअर स्वतः कोणतीही माहिती निर्माण करत नाही; इतरत्र तयार झालेली माहिती उचलणे, ती स्वच्छ करणे आणि तिसरीकडे नेऊन ठेवणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे माहिती जिथे तयार होते तिथल्या यंत्रावर काय चालते, तिथपर्यंत पोहोचणारा ड्रायव्हर, म्हणजे मधला दुवा जोडणारा छोटा प्रोग्रॅम, कोणत्या सिस्टीमसाठी मिळतो आणि रात्री काही अडले तर तिथे कोण हजर असते, हे कळल्याखेरीज सर्व्हरवर काय बसवायचे ते ठरवणे म्हणजे पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, न पाहता कास्टिंगचा भाव सांगण्यासारखे आहे.

वजनकाट्याच्या खोलीत धुळीने माखलेला एक जुना संगणक होता आणि त्यावर विंडोज 10 होते. काट्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये साठवत होते. ही फाइल विंडोजवर ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणी करण्याची प्रमाण पद्धत) ड्रायव्हरने वाचता येते, मात्र त्यातही एक गंमत आहे. जुने ड्रायव्हर 32 बिटचे असतात, इंटिग्रेशनचे सॉफ्टवेअर 64 बिटचे असते आणि दोघांचे जमत नाही. शिवाय 64 बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीच्या जोडण्या करण्याचा 32 बिटचा प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये असतो त्याच्या नावात 64 हा आकडा आहे आणि 64 बिटचा ज्या फोल्डरमध्ये असतो त्याच्या नावात 32. नवशिक्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. माझा पूर्ण गेला होता. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालणाऱ्या साधनांसाठी ओडीबीसीशी जोडणारा एक पूल पूर्वी जावातच अंतर्भूत होता, तो 2014 साली आलेल्या जावा 8 मधून काढून टाकण्यात आला. आता यूकॅनअ‍ॅक्सेस हा निव्वळ जावात लिहिलेला ड्रायव्हर वापरला, तर तीच एमडीबी फाइल लिनक्सवरूनही वाचता येते. वजनकाट्याने आमचे हात बांधले नाहीत.

हजेरीच्या यंत्राचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्स्प्रेस आवृत्तीत नोंदी ठेवत होते. या आवृत्तीत टीसीपी/आयपीची, म्हणजे जाळ्यावरून येणारी, जोडणी मुळात बंद असते, ती सुरू केली की कोणत्याही सिस्टीमवरून तिच्याशी बोलता येते. स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक हीट नंबरमागे (भट्टीतील एका वितळणीच्या क्रमांकामागे) एक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराची, फाइल एका फोल्डरमध्ये टाकत होता. या दोन्ही ठिकाणी काही अडचण नव्हती.

खरा पेच टॅलीचा होता. टॅलीप्राइममधून माहिती काढण्याचे दोन रूढ मार्ग आहेत: एक विंडोजवरचा ओडीबीसी आणि दुसरा एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपानासारखी विचारणा करून, एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) मागवण्याचा. दुसऱ्या मार्गात टॅली स्वतःच एक छोटा सर्व्हर होऊन बसते, बहुधा 9000 या पोर्टवर, आणि जाळ्यातील कोणताही संगणक, मग तो लिनक्सचा का असेना, तिला एक्सएमएलमध्ये विचारणा करू शकतो. कागदावर हे फार छान दिसते. पण त्यासाठी टॅली विंडोजच्या संगणकावर प्रत्यक्ष उघडी असावी लागते आणि तिच्यात ती विशिष्ट कंपनीही (टॅलीत एका संस्थेच्या हिशेबाला कंपनी म्हणतात) लोड केलेली असावी लागते. इथले हिशेबनीस काका संध्याकाळी साडेसहाला कंपनी बंद करून, बॅकअप घेऊन, संगणकाला नमस्कार करून घरी जातात. रात्री दोन वाजता माझ्या जॉबला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला, दार उघडायला तिथे कोणी नसते. तेव्हा आम्ही सर्व्हरवर काहीही बसवले तरी एक विंडोज संगणक या व्यवस्थेत राहणारच, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले.

त्यानंतर इंटिग्रेशनच्या साधनाकडे वळलो. कधीकधी साधनच सगळा निकाल लावून टाकते. मायक्रोसॉफ्टचे एसएसआयएस घेतले, तर त्याची पॅकेजेस, म्हणजे त्यातले जॉब, विंडोजवरच्या व्हिज्युअल स्टुडिओत तयार करावी लागतात. एसक्यूएल सर्व्हर 2017 पासून ती लिनक्सवर चालवता येऊ लागली हे खरे, परंतु तिथे पॅकेजेसचा कॅटलॉग मिळाला नाही, एसक्यूएल एजंटकडून त्यांचे वेळापत्रक लावता आले नाही आणि त्रयस्थ कंपन्यांचे घटकही वापरता आले नाहीत. हाताशी एवढे कमी असताना एसएसआयएस लिनक्सवर चालवणे मला उसाची मोळी मोटारसायकलवरून नेण्यासारखे वाटते. नेता येते, पण कशासाठी? उलट बाजूला अपाची एअरफ्लो हे साधन आहे, जे थेट विंडोजवर चालतच नाही. विंडोजच्या यंत्रावर ते हवे असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) किंवा कंटेनरच्या (सॉफ्टवेअरसाठीच्या बंदिस्त कप्प्याच्या) आत लिनक्सच उभे करावे लागते. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेत जन्मलेले आणि 2014 साली मुक्तस्रोत झालेले अपाची नायफाय दोन्हींवर चालते, मात्र त्याच्या दुसऱ्या पिढीला जावा 21 लागते. एके काळी आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या टॅलेंड या साधनाची ओपन स्टुडिओ ही फुकट आवृत्ती 31 जानेवारी 2024 रोजी बंद करण्यात आली, त्यामुळे नव्या कामासाठी तिचा विचारच सोडला.

आमच्या कामासाठी मी पेंटाहो निवडले होते. त्याचे मूळ नाव केटल, म्हणजे किटली, आणि त्याच्या भागांची नावेही स्वयंपाकघरातली: चित्र काढून जॉब रचण्यासाठी स्पून, एकेक रूपांतर चालवण्यासाठी पॅन आणि संपूर्ण जॉब चालवण्यासाठी किचन. ते जावावर चालत असल्याने स्पूनमध्ये विंडोजच्या लॅपटॉपवर रचलेला जॉब लिनक्सच्या सर्व्हरवरील किचनला जसाच्या तसा देता येतो. निदान तसे सांगितले जाते. 'जसाच्या तसा' या शब्दांची किंमत मला एका दूध संस्थेच्या कामात कळली आणि तो प्रसंग थोडा सविस्तर सांगावासा वाटतो.

त्या संस्थेत दर दहा दिवसांनी उत्पादकांची दूध बिले निघतात. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील घन पदार्थ) यांचे आकडे गावोगावच्या संकलन केंद्रांवरून येत आणि उत्पादकांची नावे मराठीत असत. मी जॉब रचला, लिनक्स सर्व्हरवर नेला, स्वतः टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या पडद्यावरून, चालवून पाहिला, नावे सुरेख उतरली. रात्रीच्या वेळापत्रकासाठी तो क्रॉन या लिनक्सच्या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये टाकला आणि घरी गेलो. सकाळी प्रत्येक उत्पादकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. आकडे पैशापर्यंत बरोबर होते, फक्त ते कोणाचे हे कळत नव्हते. मी पुन्हा हाताने चालवला, तर नावे पुन्हा सुरेख. दोन रात्री हा खेळ चालला. कारण असे होते की, मी टर्मिनलवर लॉगिन केले की माझ्या सत्रात भाषेची आणि यूटीएफ-8 ची (युनिकोडमध्ये सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची) मांडणी आपोआप लागत होती. क्रॉन मात्र जॉबला जवळजवळ उघडाबोडका सुरू करतो, त्याला ही मांडणी मिळत नाही आणि तेव्हाची जावा 8 अशा वेळी साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडे काही जाणत नाही. जॉबच्या सुरुवातीला भाषेची मांडणी स्पष्टपणे लिहिणारी एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला. चूक सर्वस्वी माझी होती.

विंडोजवर हे घडले नसते का? घडले असते, वेगळ्या रीतीने. विंडोजमध्ये संपूर्ण सिस्टीमला लावता येईल असे जुन्या पद्धतीचे, म्हणजे युनिकोडपूर्व, कोड पेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) देवनागरीसाठी नाहीच. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर पश्चिम युरोपीय भाषांचे 1252 हे कोड पेज लागलेले असते आणि जुनी जावा तेच गृहीत धरते. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून सर्वच सिस्टीमवर यूटीएफ-8 हेच गृहीत धरले जाऊ लागले आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली. पण कारखान्यांत अजून जावा 8 आणि 11 मुबलक आहेत. एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलीत मराठी अक्षरे आधीच मेलेली असतात. यूटीएफ-8 म्हणून जतन केली तर फाइलीच्या आरंभी एक न दिसणारी खूण येते आणि मग 'हीट नंबर' नावाचा स्तंभ डोळ्यांसमोर असूनही सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. त्याहून जुना विकार म्हणजे युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेली माहिती. साखर कारखान्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या जुन्या याद्यांत ती हमखास आढळते. तिथे साठवलेली अक्षरे मुळात इंग्रजी असतात आणि फाँटमुळे ती मराठी दिसतात. तिच्यासाठी रूपांतराचा वेगळा टप्पाच लिहावा लागतो आणि त्यात विंडोज किंवा लिनक्स काडीची मदत करत नाही.

फाइलींच्या बाबतीतले फरक लहान आहेत, पण रात्रीची झोप तेच घालवतात. विंडोजला मोठ्या आणि लहान लिपीतील इंग्रजी नावे सारखीच, लिनक्सला ती दोन वेगळी नावे. स्पेक्ट्रोमीटरच्या सॉफ्टवेअरने एका अपडेटनंतर फाइलीच्या नावाचा शेवट मोठ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली, तर लिनक्सवरचा जॉब 'फाइल नाही' असे सांगून शांतपणे यशस्वी म्हणून संपतो. विंडोजवर सामायिक फोल्डरला झेड असे अक्षर देऊन ते जॉबमध्ये वापरले, तर दिवसा सगळे चालते आणि रात्री काहीच सापडत नाही, कारण ते अक्षर केवळ लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्रापुरते असते. फोल्डरचा जाळ्यातील पूर्ण पत्ता लिहिणे हाच त्यावर उपाय. मी या दोन्ही खड्ड्यांत पडलो आहे, त्यामुळे कोणती सिस्टीम अधिक शहाणी हे मला विचारू नये.

आता विजेविषयी. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. यूपीएस अर्धा तास तग धरतो. वीज दोन तासांनी येते. मधल्या काळात रात्री दोनचा जॉब चुकलेला असतो. जुना क्रॉन चुकलेला जॉब विसरून जातो. लिनक्सवरच्या सिस्टीमडीच्या टाइमरमध्ये मात्र 'पर्सिस्टंट' ही एक सोय आहे, तिने यंत्र सुरू होताच चुकलेले काम पार पडते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही तशी खूण करता येते, पण ती मुळात लागलेली नसते आणि अनेकांना ती ठाऊकच नसते. वीज आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे ही मांडणी तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, करायची असते, तिचा सिस्टीमशी संबंध नाही. तरीही मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी ती केलेली नव्हती. वेळेचा आणखी एक धडा कंटेनर वापरणाऱ्यांसाठी आहे. कंटेनरच्या आतले घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते, त्यामुळे पहाटे दोनसाठी लावलेला जॉब आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो, जेव्हा पहिली पाळी कामाला लागलेली असते आणि डेटाबेसवर आधीच गर्दी असते.

खर्चाचे गणित मालकांना अर्थातच हवे होते. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरनुसार मिळतो आणि सर्व्हर कितीही लहान असला तरी किमान 16 कोअरचा घ्यावा लागतो. शिवाय त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या माणसांसाठी किंवा यंत्रांसाठी स्वतंत्र परवाने लागतात. लिनक्स फुकट आहे हे वाक्य मी मात्र कधी उच्चारत नाही, कारण फुकट असते ते फक्त उतरवून घेणे. सेंटॉस या लिनक्सच्या एका प्रकाराची कहाणी या बाबतीत सगळ्यांच्या स्मरणात आहे. सेंटॉस 8 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार असे गृहीत धरले गेले होते. 8 डिसेंबर 2020 रोजी ती मुदत 31 डिसेंबर 2021 वर आणल्याचे जाहीर झाले आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. त्या पोकळीतून 2021 मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. सेंटॉस 7 देखील 30 जून 2024 रोजी थांबले. इंटिग्रेशनचा सर्व्हर कारखान्यात एकदा बसला की सात-आठ वर्षे त्याला कोणी हात लावत नाही, हे लक्षात घेता सिस्टीम कोण चालवते आणि तिची मुदत कशी ठरते, हे मी वेगापेक्षा वरचे मानतो. डेबियन हा लिनक्सचा प्रकार कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला दीर्घ मुदतीची सोय धरून सुमारे पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीचेही तेवढेच आहे. पाच वर्षांनी एकदा आवृत्ती बदलण्याचे काम निघणार, हे मी मालकांना लेखी दिले.

शेवटचा मुद्दा माणसाचा. रात्रपाळीला फाउंड्रीत एक सुपरवायझर असतात. भट्टीच्या आवाजावरून धातू तयार झाला की नाही हे ते सांगू शकतात, पण टर्मिनल त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता. चाचणीच्या दिवसांत एकदा वीज गेली आणि आली, तेव्हा त्यांचा मला फोन आला, "साहेब, लाइट आली, पर त्या काळ्या पडद्यावर नुसतंच एक पांढरं लुकलुकतंय. काय दाबू?" विंडोज असते तर त्यांना निदान ओळखीचा पडदा दिसला असता, हे मान्य करायला हवे. पण ओळखीच्या पडद्यावर माणूस काहीतरी दाबतोच, ही त्याची दुसरी बाजू आहे. काळ्या पडद्यासमोर ते फोन करतात. मला फोन येणेच अधिक सोयीचे वाटते.

आणि फोन आल्यावर मी तिथे पोहोचणार कसा? मी राहतो राजारामपुरीत, कारखाना पंचगंगेच्या पलीकडे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झाले. अशा दिवसांत इंटरनेटही मोबाइलच्या एका-दोन कांड्यांवर आलेले असते. त्या मंद जोडणीवर विंडोजचा संपूर्ण पडदा दुरून ओढणे नकोसे होते, तर लिनक्सच्या एसएसएचला (दुरून आज्ञा टाइप करण्याच्या सोयीला) चार ओळी मजकुरापुरती जागा पुरते. मालक इथवर शांतपणे ऐकत होते. ड्रायव्हर आणि कोड पेज या सगळ्यातून त्यांना किती कळले ठाऊक नाही, पण पुराचा मुद्दा मांडल्यावर त्यांनी मान हलवली आणि सर्व्हर तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवायचे स्वतःहून सुचवले.

अखेर ठरले ते असे. वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर डेबियन बसवले. पेंटाहोचा किचन, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि सगळे वेळापत्रक तिथे. हिशेबाच्या खोलीत टॅली चालते त्याच संगणकावर एक छोटा विंडोज जॉब लावला, जो संध्याकाळी सहा वाजता, काका कंपनी बंद करण्याच्या आधी, दिवसभराच्या व्हाउचरचे एक्सएमएल काढून सर्व्हरकडे पाठवतो. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिचे खरे नाव लागते, म्हणजे अर्धवट फाइल कोणी उचलत नाही. वजनकाट्याची आणि स्पेक्ट्रोमीटरची माहिती सर्व्हर स्वतः खेचतो. रॅकच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद चिकटवला: हिरवा दिवा पाहा, दहा मिनिटे थांबा, तरीही तक्ता आला नाही तर फोन करा. सुपरवायझरांनी त्याखाली पेनाने 'काही दाबू नये' असे लिहिले आहे.

राहिला आहे तो वजनकाट्याजवळचा संगणक. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, विंडोज 11 त्या जुन्या यंत्रावर बसत नाही आणि काट्याचे सॉफ्टवेअर ज्यांनी लिहून दिले त्यांचा फोन लागत नाही. सध्या मी त्याची इंटरनेटची जोडणी काढून त्याला फक्त सर्व्हरपुरते जाळ्यात ठेवले आहे. नवा संगणक घेऊन त्यावर जुने सॉफ्टवेअर चालते का, हे पाहायला पुढच्या आठवड्यात शिरोलीला जायचे आहे.